अडसर मोडणाऱ्या स्त्रियांचे प्रदर्शन कसे उभारावे

विज्ञान आणि क्रीडा या क्षेत्रांत वाट काढणाऱ्या स्त्रियांवरचे एखादे प्रदर्शन पाहून बाहेर पडणाऱ्या माणसाला एकच प्रश्न विचारून पाहावा: यांतल्या कोणत्याही एका बाईंना कोणी अडवले होते आणि कसे? बहुतेक वेळा उत्तर येत नाही. फलकावर जन्मवर्ष असते, पदकांची यादी असते, ‘जिद्द’, ‘चिकाटी’ आणि ‘प्रेरणास्थान’ हे शब्द असतात. मात्र ज्या अडसरामुळे त्या कर्तृत्वाला वेगळे मोल आले, तो अडसरच फलकावरून गाळलेला असतो. मग उरतो तो कर्तबगार व्यक्तींच्या छायाचित्रांचा संग्रह, आणि पाहणारा दोन मिनिटांत पुढे सरकतो.

११ फेब्रुवारी हा विज्ञानक्षेत्रातील स्त्रिया व मुलींचा आंतरराष्ट्रीय दिवस किंवा ८ मार्चचा महिला दिन यांच्या निमित्ताने संस्था, ग्रंथालये, क्रीडामंडळे आणि विद्यार्थी असे प्रदर्शन किंवा तासाभराचा कार्यक्रम आखतात. त्यांच्यासाठी पुढील सूचना आहेत. त्या सर्वांच्या मुळाशी एकच नियम आहे: प्रत्येक फलकावर आधी अडसर लिहावा, मग व्यक्ती, आणि शेवटी त्या व्यक्तीनंतर काय बदलले ते.

निवड: थोड्या व्यक्ती, वेगवेगळे अडसर

दहा-बारांहून अधिक फलक नसावेत. नावांची यादी करून कामाला सुरुवात केली, तर तीच ती चार-पाच प्रसिद्ध नावे पुढे येतात आणि सगळे फलक एकमेकांसारखे दिसू लागतात. त्याऐवजी अडसरांचे प्रकार आधी ठरवावेत आणि प्रत्येक प्रकाराला शोभेल असे उदाहरण शोधावे. हे प्रकार ढोबळ मानाने पाच आहेत: लेखी नियम, अलिखित प्रथा, साधनांचा किंवा जागेचा अभाव, श्रेय न मिळणे, आणि ‘स्त्रीच्या शरीराला हे झेपणार नाही’ हा दावा.

लेखी नियमाचे उदाहरण म्हणून हर्था एर्टन यांचा विचार करावा. विद्युत-प्रज्योतीवर (इलेक्ट्रिक आर्क, म्हणजे दोन टोकांमधील फटीत पेटणारा विजेचा प्रखर प्रकाश) संशोधन करणाऱ्या या शास्त्रज्ञ बाईंचे नाव १९०२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेच्या सदस्यत्वासाठी सुचवले गेले, तेव्हा विवाहित स्त्रीला कायद्याने स्वतंत्र अस्तित्व नसल्यामुळे तिला सदस्य करून घेता येत नाही, असा कायदेशीर सल्ला संस्थेला मिळाला. त्याच संस्थेने १९०६ मध्ये त्यांना ह्यूज पदक दिले. पदक देता येते पण सदस्यत्व देता येत नाही, ही विसंगती फलकावर एका ओळीत मांडली, तरी ती पाहणाऱ्याच्या लक्षात राहते. स्त्रियांना त्या संस्थेचे दार उघडले ते १९४५ मध्ये, कॅथलीन लॉन्सडेल आणि मार्जरी स्टीफन्सन यांच्या निवडीने.

क्रीडाक्षेत्रात लेखी बंदीचे ठळक उदाहरण इंग्लंडमधील फुटबॉलचे आहे. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर ‘डिक, कर लेडीज’ या स्त्रियांच्या संघाचा सामना पाहण्यासाठी सुमारे ५३,००० प्रेक्षक जमले होते. त्यानंतर वर्षभराच्या आतच, ५ डिसेंबर १९२१ रोजी, तेथील फुटबॉल संघटनेने हा खेळ स्त्रियांना अयोग्य ठरवून आपल्या संलग्न क्लबांची मैदाने त्यांना बंद केली, आणि ही बंदी सुमारे ५० वर्षे टिकली. ‘स्त्रियांचा खेळ पाहायला कोण येते?’ असे आजही विचारणाऱ्याने हा फलक सावकाश वाचावा, म्हणून तो प्रवेशद्वाराजवळ लावावा, असे मला वाटते.

अलिखित प्रथेचे उदाहरण शोधणे अधिक कष्टाचे असते, कारण प्रथेचा कागद सापडत नाही. कमला सोहोनी यांनी १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला, तेव्हा गुणवत्तेत त्या कमी नव्हत्या. त्या स्त्री आहेत एवढ्याच कारणाने संस्थेचे तत्कालीन संचालक चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी नकार दिला. सोहोनी हटल्या नाहीत, तेव्हा त्यांना वर्षभराच्या परीक्षणाच्या अटीवर प्रवेश मिळाला. पुढे १९३९ मध्ये केंब्रिज विद्यापीठातून त्यांनी पीएच.डी. मिळवली. अशा प्रसंगी नकार देणारी व्यक्ती थोर असेल, तर तिचे नाव गाळण्याचा मोह होतो. तो टाळावा. शास्त्रज्ञ म्हणून रामन यांची थोरवी या नोंदीने उणी होत नाही, आणि नाव गाळले तर अडसर हवेत तरंगत राहतो.

साधने आणि जागा यांचा अभाव हा प्रकार लोकांना सर्वांत जास्त बोलका वाटतो, कारण तो डोळ्यांना दिसतो. अमेरिकेतील पालोमार वेधशाळेत अधिकृतपणे निरीक्षण करण्याची परवानगी मिळालेल्या पहिल्या स्त्री खगोलशास्त्रज्ञ म्हणजे व्हेरा रूबिन. १९६५ मध्ये त्या तेथे गेल्या, तेव्हा स्त्रियांसाठी स्वच्छतागृह नाही ही अडचण पुढे केली जात असे. त्यांनी कागदाचा घागरा कापून स्वच्छतागृहाच्या दारावरील पुरुषाच्या चित्रावर चिकटवला आणि स्वच्छतागृहाचा प्रश्न निकालात काढला. दुसरे उदाहरण अलीकडचे आहे. मार्च २०१९ मध्ये दोन स्त्री अंतराळवीरांनी मिळून यानाबाहेर काम करण्याची ठरलेली मोहीम बदलावी लागली, कारण दोघींना लागणाऱ्या मध्यम मापाच्या अंतराळ-पोशाखाचा धडाचा भाग एकच तयार होता. दोन स्त्रियांची तशी मोहीम त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला क्रिस्टिना कोच आणि जेसिका मीर यांनी पार पाडली. १९६५ आणि २०१९ हे दोन प्रसंग एकाच फलकावर शेजारी ठेवले, तर वेगळे भाष्य करावे लागत नाही.

याच प्रकारात विज्ञान आणि क्रीडा यांचा एक सुंदर सांधा सापडतो. धावताना स्त्रियांना आधार देणारा कपडाच उपलब्ध नव्हता, म्हणून १९७७ मध्ये लिसा लिंडाल, पॉली स्मिथ आणि हिंडा मिलर यांनी पुरुष खेळाडूंचे दोन जॉकस्ट्रॅप (जांघेला आधार देणारी अंतर्वस्त्रे) एकत्र शिवून पहिला स्पोर्ट्स ब्रा तयार केला. संयोजकांपैकी कोणाला तरी हा विषय सभ्य वाटत नाही, हे मी पाहिले आहे. तरीही तो वगळू नये. मैदानापासून मुली दूर राहण्याची कारणे अशाच न बोलल्या जाणाऱ्या गोष्टींत असतात.

शरीराला झेपणार नाही, हा दावा

या दाव्याला स्वतंत्र जागा द्यावी, कारण विज्ञानाच्या नावाने खेळावर बंधन घालण्याचे काम त्याने केले आणि दोन्ही क्षेत्रे येथे एकमेकांना भिडतात. १९२८ च्या अ‍ॅम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची ८०० मीटर शर्यत पहिल्यांदा झाली. जर्मनीच्या लिना राडके यांनी ती २ मिनिटे १६.८ सेकंदांत जिंकून जागतिक विक्रम केला. अंतिम फेरीत नऊ धावपटू होत्या आणि नऊही जणींनी शर्यत पूर्ण केली. असे असताना, अर्ध्याअधिक मुली कोसळल्या अशी वर्णने काही वृत्तपत्रांनी छापली. शर्यत संपल्यावर दमून खाली बसणे पुरुष धावपटूंच्या बाबतीत पराकाष्ठेची खूण मानले जाई. स्त्रियांच्या बाबतीत तोच अक्षमतेचा पुरावा झाला. परिणामी १९६० पर्यंत ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना २०० मीटरपेक्षा लांब शर्यत धावता आली नाही.

हा फलक करताना वृत्तपत्रातील दावा आणि प्रत्यक्ष निकाल असे दोन स्तंभ करावेत. वाचकाला निष्कर्ष सांगू नये. तो त्याचा त्याला काढू द्यावा. त्याच्या शेजारी गर्ट्रूड एडर्ले यांना जागा द्यावी. या शर्यतीच्या दोनच वर्षे आधी, ऑगस्ट १९२६ मध्ये, त्यांनी इंग्लिश खाडी सुमारे साडेचौदा तासांत पोहून पार केली होती, आणि तोवरच्या सर्वांत वेगवान पुरुषापेक्षा ही वेळ जवळजवळ दोन तासांनी कमी होती. म्हणजे पुरावा उपलब्ध होता. तो विचारात घेतला गेला नाही.

‘पहिली’ हा शब्द लिहिण्यापूर्वी

अशा प्रदर्शनांत सर्वांत जास्त चुका ‘पहिली’ या एका शब्दाने होतात. मीही ती चूक केली आहे. बॉस्टन मॅरेथॉन धावणाऱ्या पहिल्या स्त्री म्हणून मी एका फलकावर कॅथरिन स्विट्झर यांचे नाव लिहिले होते. एका वयस्क प्रेक्षकाने शांतपणे मला बाजूला घेऊन चूक दाखवली आणि तो फलक दुपारनंतर उतरवावा लागला.

वस्तुस्थिती अशी आहे. बॉबी गिब यांनी १९६६ मध्ये या शर्यतीसाठी अर्ज केला, तेव्हा स्त्रियांची शारीरिक क्षमता तेवढी नसते असे कळवून तो नाकारण्यात आला. त्या सुरुवातीच्या रेषेजवळच्या झुडपांत लपून राहिल्या, नंतर धावपटूंमध्ये मिसळल्या आणि त्यांनी क्रमांकाविना शर्यत पूर्ण केली. पुढच्या वर्षी स्विट्झर यांनी ‘के. व्ही. स्विट्झर’ या नावाने नोंदणी केली आणि २६१ हा क्रमांक लावून त्या धावल्या. वाटेत एका अधिकाऱ्याने तो क्रमांक ओढून काढण्याचा प्रयत्न केला, आणि त्या झटापटीची छायाचित्रे जगभर पोहोचली. त्याच शर्यतीत गिबही होत्या आणि स्विट्झर यांच्या सुमारे तासभर आधी त्या अंतिम रेषेवर पोहोचल्या होत्या. स्त्रियांना अधिकृत प्रवेश १९७२ मध्ये मिळाला. तेव्हा ‘संपूर्ण अंतर धावलेली पहिली स्त्री’, ‘अधिकृत क्रमांक लावून धावलेली पहिली स्त्री’ आणि ‘स्त्रियांच्या अधिकृत स्पर्धेतील पहिली विजेती’ या तीन वेगळ्या व्यक्ती आहेत. तिसऱ्या म्हणजे नीना कुश्चिक. तिघींना एकाच फलकावर आणले, तर अडसर एका धक्क्यात पडत नाही, हे आपोआप दिसते.

म्हणून ‘पहिली’ लिहिताना चार प्रश्नांची उत्तरे त्याच वाक्यात यावीत: कशात पहिली, कोठे पहिली, कोणत्या गटात पहिली, आणि कोणाच्या नोंदीप्रमाणे पहिली. ‘एव्हरेस्टवर पोहोचलेली पहिली स्त्री, जुन्को ताबेई, १६ मे १९७५’ ही नोंद निःसंदिग्ध आहे. ‘पहिली महान शास्त्रज्ञ’ या शब्दांना काहीही अर्थ नाही. जेथे खात्री होत नाही, तेथे ‘पहिल्या काहींपैकी एक’ असे लिहिण्यात कमीपणा नाही. त्याचप्रमाणे स्त्रिया नेहमी पुरुषांच्या मागून आल्या, हेही गृहीत धरू नये. क्रिकेटचा पहिला विश्वचषक स्त्रियांचा होता, १९७३ मधला. पुरुषांचा त्यानंतर दोन वर्षांनी झाला.

श्रेयाचा हिशेब

विज्ञानातील फलकांवर श्रेयाचा प्रश्न येतोच. येथे सावधपणे लिहावे लागते, कारण रागाच्या भरात लिहिलेला फलक सहज खोडून काढता येतो आणि मग त्यातले खरेही बुडते. उदाहरणार्थ, रोझलिंड फ्रँकलिन यांना नोबेल ‘नाकारले’ असे सर्रास लिहिले जाते. डीएनएच्या रचनेसाठीचे पारितोषिक १९६२ मध्ये दिले गेले आणि फ्रँकलिन १९५८ मध्येच, वयाच्या ३७ व्या वर्षी निवर्तल्या होत्या. त्यांच्यावरील अन्याय वेगळा होता: त्यांच्या प्रयोगशाळेतील क्ष-किरण छायाचित्र आणि मोजमापे त्यांच्या नकळत त्याच रचनेचा शोध घेणाऱ्या दुसऱ्या गटापर्यंत पोहोचली. तेच लिहावे, ते पुरेसे गंभीर आहे.

लीझे माइट्नर यांच्या बाबतीत नोंद स्पष्ट आहे. अणुविखंडनाचा, म्हणजे अणूचे केंद्रक फुटण्याचा, भौतिक अर्थ त्यांनी आणि त्यांचे भाचे ओटो फ्रिश यांनी उलगडला. १९४४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मात्र एकट्या ओटो हान यांना मिळाले. बर्लिनमध्ये सुरुवातीला स्त्रियांना रसायनशास्त्राच्या संस्थेत मज्जाव असल्यामुळे त्या तळघरातल्या जुन्या सुतारकामाच्या खोलीत प्रयोग करत, आणि १९३८ मध्ये ज्यू असल्यामुळे त्यांना देश सोडावा लागला. एकाच व्यक्तीपुढे दोन अडसर असू शकतात, हे दाखवण्यासाठी हे उदाहरण अवश्य घ्यावे. जोसेलिन बेल बर्नेल यांची गोष्ट वेगळ्या सुराची आहे. १९६७ मध्ये विद्यार्थिनी असताना त्यांनी पल्सारचे (नियमित स्पंदने पाठवणाऱ्या ताऱ्यांचे) संकेत प्रथम ओळखले, १९७४ चे नोबेल त्यांच्या मार्गदर्शकांना मिळाले, आणि २०१८ मध्ये मिळालेली ३० लाख डॉलरची पारितोषिकाची रक्कम त्यांनी भौतिकशास्त्रात कमी प्रतिनिधित्व असलेल्या गटांतील विद्यार्थ्यांसाठी देऊन टाकली.

आकडे वापरायचे असतील, तर थोडे वापरावेत. भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेल्या स्त्रियांची वर्षे एका रेषेवर मांडावीत: १९०३, १९६३, २०१८, २०२०, २०२३. मधल्या अंतराच्या प्रमाणात रेषा काढली, म्हणजे पहिल्या दोन मोकळ्या जागाच बोलू लागतात. खेळासाठी अशीच जोडी आहे: १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ९९७ खेळाडूंपैकी २२ स्त्रिया होत्या, आणि २०२४ मध्ये त्याच शहरात स्त्री व पुरुष खेळाडूंसाठी समान संख्येने जागा ठेवल्या होत्या.

मजकूर कसा लिहावा

एका फलकाचा मजकूर १०० ते १२० शब्दांचा असावा. उदाहरणादाखल सेसिलिया पेन यांच्यावरचा नेहमीच्या पद्धतीचा मजकूर असा असतो: ‘लहानपणापासून ताऱ्यांची आवड असलेल्या पेन यांनी अथक परिश्रम आणि अढळ जिद्द यांच्या बळावर खगोलशास्त्रात उत्तुंग यश मिळवले.’ या वाक्यातील नाव बदलून दुसऱ्या कोणाचेही नाव घातले तरी ते तसेच चालते, आणि हीच त्याच्या निरुपयोगीपणाची कसोटी आहे.

त्याऐवजी असा मजकूर लिहिता येईल: ‘केंब्रिज विद्यापीठात शिक्षण पूर्ण करूनही सेसिलिया पेन यांना पूर्ण हक्कांची पदवी मिळाली नाही, कारण ते विद्यापीठ १९४८ पर्यंत स्त्रियांना तशी पदवी देत नसे. त्या अमेरिकेत गेल्या. तारे प्रामुख्याने हायड्रोजन आणि हेलियम यांचे बनलेले असतात, असे दाखवणारा प्रबंध त्यांनी १९२५ मध्ये लिहिला. हा निष्कर्ष हेन्री नॉरिस रसेल या मान्यवर खगोलशास्त्रज्ञांना पटला नाही, तेव्हा हायड्रोजनचे एवढे प्रमाण बहुधा खरे नसावे, असे पेन यांना स्वतःच्याच प्रबंधात लिहावे लागले. १९२९ मध्ये रसेल स्वतःच्या वाटेने त्याच निष्कर्षाला पोहोचले. १९५६ मध्ये पेन हार्वर्डमध्ये पूर्ण प्राध्यापक झाल्या.’ यात विशेषण जवळजवळ नाही, तरीही वाचणाऱ्याला राग यायचा तो येतो आणि अभिमान वाटायचा तोही वाटतो.

संपादन करताना लाल शाईने तीन गोष्टी खोडाव्यात. एक, काम सांगण्यापूर्वी येणारे घरगुती वर्णन. पती आणि मुले यांचा उल्लेख अडसराशी संबंधित असेल तरच ठेवावा. मारिया गोपर्ट मायर यांच्या फलकावर तो लागतोच, कारण नवरा-बायकोपैकी एकालाच नोकरी देण्याच्या नियमांमुळे त्यांनी कित्येक वर्षे विनावेतन संशोधन केले. दुसरे, ‘पुरुषांच्या तोडीस तोड’ यांसारखी तुलना. तिसरे, दिसण्याविषयीचा कोणताही शब्द.

हरलेल्यांनाही जागा ठेवावी. १९८४ मध्ये ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची ४०० मीटर अडथळ्यांची शर्यत पहिल्यांदाच झाली. मोरोक्कोच्या नवाल एल मुतवक्किल यांनी सुवर्णपदक जिंकले आणि पी. टी. उषा यांचे कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले. एकाच शर्यतीचा हा फलक दोघींचा करावा.

मांडणीविषयी फार सांगण्यासारखे नाही. अक्षरे चार पावलांवरून वाचता यावीत, आणि लहान मुले व चाकांच्या खुर्चीवरून येणारे प्रेक्षक यांच्या डोळ्यांच्या उंचीचा विचार करावा. छायाचित्र काम करतानाचे घ्यावे, सत्कार स्वीकारतानाचे नको. ते वापरण्याची परवानगी आधी मिळवावी आणि छायाचित्रकाराचे नाव खाली लिहावे.

पाहुण्या बोलावल्यास

एखाद्या शास्त्रज्ञ किंवा खेळाडू बाईंना बोलावले, तर हार-तुरे पाच मिनिटांत उरकावेत आणि उरलेला वेळ त्यांच्या कामाला द्यावा. ‘घर आणि काम यांचा मेळ कसा घालता?’ हा प्रश्न सूत्रसंचालकाने विचारू नये. ‘तुमच्या पहिल्या प्रयोगशाळेत किंवा पहिल्या शिबिरात कोणती वस्तू तुमच्या मापाची नव्हती?’ असे विचारावे. अशा नेमक्या प्रश्नाला नेमके उत्तर येते, आणि त्यातून पुढच्या वर्षीचा एक फलक मिळतो. प्रवासखर्च व मानधन यांविषयी निमंत्रणातच स्पष्ट लिहावे. पुरुष वक्त्याला मानधन आणि स्त्री वक्त्याला स्मृतिचिन्ह, असे होत असेल, तर भिंतीवरचे सगळे फलक उतरवावेत.

शेवटचा फलक

अखेरचा फलक अजून उभ्या असलेल्या अडसरांचा असावा. ऑलिंपिकमध्ये पुरुषांसाठी दहा प्रकारांची डेकॅथलॉन असते आणि स्त्रियांसाठी सात प्रकारांची हेप्टॅथलॉन. नॉर्डिक कम्बाइन्ड या (स्कीवरून उंच उडी आणि लांब पल्ल्याची स्की-शर्यत मिळून होणाऱ्या) हिवाळी खेळात पुरुष १९२४ पासून ऑलिंपिकमध्ये उतरत आहेत. २०२६ च्या स्पर्धांतही तो स्त्रियांसाठी नव्हता. या दोन नोंदींखाली मोकळी जागा सोडावी, दोरीला पेन्सिल बांधून ठेवावी, आणि स्वतःच्या शाळेत, मैदानावर किंवा कार्यालयात पाहिलेला एखादा अडसर लिहिण्याचे आवाहन करावे. व्यक्तींची नावे लिहू नयेत, एवढी सूचना वर ठळक अक्षरांत द्यावी. फलकाच्या कोपऱ्यात तारीख घालून तो जपून ठेवावा, आणि पुढच्या वर्षी त्यावरच्या कोणत्या ओळी खोडता येतात हे पाहून नव्या प्रदर्शनाची यादी करायला बसावे.